छर्रे बदलायचे तर सगळे

यंत्र करमणुकीचे असो की कष्टाचे, त्याच्या पोटात फिरणारा पोलादी छर्रा हा त्यातील सर्वांत स्वस्त जिन्नस असतो; आणि तो स्वस्त आहे एवढ्याच कारणास्तव तो निवडताना आपण जी बेफिकिरी दाखवितो, तिचा भुर्दंड त्या यंत्रातील महागड्या भागांना सोसावा लागतो. हा विषय वृत्तपत्राच्या स्तंभास शोभेल इतका भारदस्त नाही, असे कोणी म्हणेल, आणि तसे म्हणण्यात फारशी चूकही नाही. परंतु वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागातील ज्या आष्टी तालुक्यात, पुलगावहून निघालेली अरुंद रुळांची गाडी आर्वीलाच थांबल्यामुळे, शाळा, बाजार, तहसील कचेरी आणि दवाखाना यांच्या वाटा पायी, बैलगाडीने आणि पुढे सायकलीने तुडविण्यावाचून पिढ्यान्‌पिढ्या लोकांना गत्यंतर उरले नाही, तेथे चाकातला छर्रा कसा निवडावा या प्रश्नाला कितीतरी भारदस्त प्रश्नांहून अधिक माणसे रोज सामोरी जात असतात.

करमणुकीच्या यंत्रापासून आरंभ करणे सोयीचे होईल, कारण तेथे दोष चटकन दिसतो. पिनबॉलचे यंत्र आष्टीत कोणी पाहिले असण्याचा संभव अल्प आहे. उतरत्या, काचबंद मेजावर स्प्रिंगच्या दांड्याने गोळी वर उडवावी, ती खाली घरंगळत येताना खुंट्यांवर आणि घंटांवर आपटून गुण मिळवीत जावी, असा तो खेळ. सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ साली त्यातील स्प्रिंगच्या दांड्याचे पेटंट घेतले आणि १९४७ साली गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात गोळी पुन्हा वर फटकारणारी पाती खेळणाऱ्याच्या हाती आली. त्याची प्रचलित गोळी एक इंच अर्धा सूत व्यासाची आणि सुमारे ८० ग्रॅम वजनाची असते. ही यंत्रे बाळगणारे लोक गोळ्यांच्या बाबतीत जी दक्षता घेतात ती आपल्याला प्रथमदर्शनी छांदिष्टपणाची वाटेल: गोळीवर नखाला लागेल एवढाही टवका दिसला की ती काढून टाकावयाची, नवी गोळी आरशासारखी चकचकीत पाहून घ्यावयाची, आणि यंत्रात जितक्या गोळ्या असतील तितक्या एकाच वेळी बदलावयाच्या. कारण उघड आहे. टवका उडालेली गोळी रंगविलेल्या लाकडी मेजावरून सहस्रावधी वेळा घरंगळते आणि प्रत्येक वेळी त्यावरील लुकणाचा किंचित अंश खरवडून नेते. गोळी चार पैशांची, आणि मेज मात्र पुन्हा मिळावयाचे नाही. त्यातही ज्या यंत्रांत विद्युच्चुंबक बसविलेले असतात, तेथे काही जातींच्या पोलादाच्या गोळ्या हळूहळू स्वतःच चुंबक बनतात, पन्हळीत एकमेकींना बिलगून बसतात, आणि एक गोळी सोडावयाची तेथे यंत्र दोन सोडते. म्हणजे केवळ चकाकी पाहून भागत नाही. पोलाद कोणते, हेही विचारावे लागते.

आपल्याकडे याच खेळाचे गरीब पण मानी भावंड म्हणजे बॅगाटेल. मे महिन्याच्या सुटीत, उन्हाने गल्ली ओस पडली असता, माजघरातील थंड फरशीवर ती फळी टेकवून, खिळ्यांच्या कुंपणातून छर्रा कोणत्या घरात शिरतो याकडे डोळे लावून बसलेली मुले ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हेही आठवत असेल, की मूळचे छर्रे पहिल्याच सुटीत कपाटाखाली नाहीसे होत आणि त्यांच्या जागी सायकलच्या दुकानातून मागून आणलेले भरती होत. मागून आणलेला छर्रा लहान असला तर ज्या दोन खिळ्यांनी त्यास अडवावयाचे त्यांच्यामधून तो बिनदिक्कत निसटून थेट मोठ्या गुणांच्या घरात जाऊन बसे. मोठा असला तर वाटेतच अडके. आणि ज्याच्या घरची बॅगाटेल त्याचा निवाडा अंतिम, या न्यायाने तंटा मिटे. खेळात एवढ्यावर भागते, चाकात भागत नाही.

सायकलीचे मागील चाक कटकटू लागले, हाताने आडवे हलविले असता डगू लागले, की गिऱ्हाईक ती दुकानात नेतो. मिस्त्री एक्सल मोकळा करतो, हबातून काळ्या ग्रीसमध्ये माखलेले छर्रे बोटाने काढतो, फुटलेले दोन-तीन वेचून बाजूला टाकतो, आणि शेजारी असलेल्या पत्र्याच्या डबीतून, जिच्यात निरनिराळ्या सायकलींचे, निरनिराळ्या वयांचे आणि निरनिराळ्या कारखान्यांचे छर्रे गुण्यागोविंदाने नांदत असतात, तेवढेच वेचून वाटीत बसवितो. कटकट थांबते, गिऱ्हाईक संतुष्ट होऊन जातो, आणि पुढचा पावसाळा संपण्याच्या आत तेच चाक घेऊन परत येतो, तेव्हा वाटी आणि कोन दोन्ही खड्ड्यांनी भरलेले असतात व दुरुस्तीचा आकडा कैक पटींनी वाढलेला असतो. हा शिरस्ता आष्टीपुरता मर्यादित नाही. वर्धा, आर्वी, मोर्शी, वरूड, कोठेही हीच डबी आढळेल. मिस्त्री अप्रामाणिक असतो म्हणून हे घडते असेही नाही. गिऱ्हाईकच ‘फुटले तेवढेच टाका’ असे बजावीत असतो, आणि ज्याला पैसे द्यावयाचे आहेत त्याच्याशी विद्वत्ता करण्याची चैन दुकानदाराला परवडत नाही.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच आहे, की ही काटकसर काटकसर नव्हे, आणि ती बंद झाली पाहिजे. त्याचे कारण मापात आहे. मागील हबात एका बाजूस नऊ छर्रे असतात. परंतु स्वाराचा भार त्या नवांवर समप्रमाणात कधीच पडत नाही. कोणत्याही क्षणी एक्सलच्या खालच्या अंगास जे दोन-तीन छर्रे आलेले असतील तेच तो तोलून धरतात, आणि चाक फिरेल तसतसे हे काम एकाकडून दुसऱ्याकडे जात राहते. आता यातील सहा-सात छर्रे दोन वर्षे झिजून, डोळ्यांना न दिसण्याइतके का होईना, लहान झालेले आहेत आणि दोन अगदी कोरे, पूर्ण मापाचे आहेत अशी कल्पना करावी. कोरा छर्रा खाली आला की शेजाऱ्यांचे अंग वाटीला लागतच नाही. सगळा बोजा त्या एकट्यावर येतो, आणि पोलादी गोलाचा वाटीशी होणारा स्पर्श टाचणीच्या टोकाएवढ्या जागेचा असल्यामुळे तेथे इतका प्रचंड दाब उत्पन्न होतो की एक तर छर्रा फुटतो किंवा वाटीच्या कठीण पृष्ठभागाचा पापुद्रा उडतो. उडालेला पापुद्रा पुन्हा ग्रीसमध्येच राहतो आणि कानशीसारखे काम करीत उरलेल्यांना खातो.

गोलाई आणि समानता हे दोन निराळे गुण आहेत, आणि त्यांतील दुसरा साधण्यास पहिल्याहून अधिक अवधी लागला, हे या वस्तूच्या इतिहासावरूनही दिसते. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे या सायकल कारागिराने चाकात छर्रे घालण्याच्या युक्तीचे पेटंट १८६९ साली घेतले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जेम्स मूर या स्वाराने पॅरिस ते रुआँ ही शर्यत तशा चाकांच्या सायकलीवर जिंकली. परंतु हातांनी घडविलेले छर्रे एका मापाचे होणे दुरापास्त होते. १८८३ साली जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीडरिश फिशर यांनी पुष्कळ छर्रे एकदम घासून एकसारखे करणारे यंत्र रचले, तेव्हा कोठे ही वस्तू कारागिराच्या हातून कारखान्याच्या हाती गेली; आणि त्या गावाचे महत्त्व पुढे इतके वाढले की १९४३ च्या ऑगस्ट व ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकी बाँबफेकी विमानांनी मोठी हानी पत्करूनही त्यावर दोनदा झडप घातली. शत्रूचे रणगाडे आणि विमाने अडवावयाची तर त्यांचे छर्रे अडवावे, हा हिशेब त्यामागे होता. आजही कारखान्यात छर्ऱ्याची प्रत ठरते ती याच कसोटीवर: शंभर क्रमांकाच्या प्रतीचा छर्रा म्हणजे ज्याच्या गोलाईतील तफावत इंचाच्या दहा लाख भागांपैकी शंभर भागांपलीकडे जात नाही असा, क्रमांक जितका लहान तितका छर्रा अचूक. आपल्या राज्यात चिंचवडला एसकेएफसारख्या जगद्विख्यात कंपनीचा बेअरिंगचा कारखाना कित्येक दशके चालू असताना आष्टीच्या गिऱ्हाइकाने मात्र क्रमांक नाही, माप नाही, नाव नाही अशा डबीत बोटे घालावी, ही विसंगती कोणाला खुपत नाही याचेच नवल वाटते.

मापाचे ज्ञान मात्र आपल्या मिस्त्रींपाशी अजून शाबूत आहे आणि त्याचा आदर केला पाहिजे. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, तरी सायकलीचा छर्रा अद्याप सुतांतच मोजला जातो, आणि एका इंचाचे सूत आठ. साध्या काळ्या सायकलीच्या मागील हबास दोन सुती, म्हणजे पाव इंचाचे, दर बाजूस नऊ; पुढील हबास दीड सुती, दर बाजूस दहा; पायडलच्या मधल्या आसास पुन्हा दोन सुती, दर बाजूस अकरा; पायडलमध्ये सव्वा सुती आणि फ्रीव्हीलमध्ये एक सुती, असा त्यांचा जाबता तोंडपाठ असतो. घोटाळा होतो तो दुसऱ्याच वाटेने. पंख्याच्या किंवा मोटरीच्या फुटक्या बेअरिंगमधून सोडविलेले छर्रे त्याच डबीत येऊन पडतात आणि त्यांतले कित्येक मिलिमीटरच्या मापाचे असतात. दोन सूत म्हणजे ६.३५ मिलिमीटर, त्याच्याशेजारी ६ मिलिमीटरचा छर्रा ठेवला तर ग्रीस लागलेल्या बोटांना भेद कळत नाही, पण चाकाच्या दृष्टीने तो छर्रा तेथे नसल्यातच जमा असतो. संख्येविषयीही एक संकेत आहे: वाटी छर्ऱ्यांनी गच्च भरावी आणि मग एक काढून घ्यावा. जागा उरली म्हणून दहावा कोंबणारे लोक असतात. असे छर्रे एकमेकांना घासत राहतात, आणि चाक मोकळे फिरावयाचे राहून जाते.

पोलादाविषयी थोडे अधिक सविस्तर बोलणे अवश्य आहे, कारण फसवणुकीला वाव तेथेच सर्वाधिक. उत्तम छर्रा क्रोम पोलादाचा, ज्यात शेकडा एक भाग कर्ब आणि दीड भागाच्या आसपास क्रोमियम असते. तो तापवून, पाणी देऊन, गाभ्यापर्यंत सारखा कठीण केलेला असतो. स्वस्त छर्रा साध्या पोलादाचा असतो आणि त्याचे केवळ कवच कठीण केलेले असते. कवच झिजले की आतला मऊ गाभा उघडा पडतो आणि मग तो गोल राहत नाही. दुकानाच्या फळीवर दोघेही सारखेच चकाकतात. लोहचुंबक लावून पाहण्याची जी युक्ती पुष्कळांना ठाऊक आहे ती येथे निरुपयोगी आहे, कारण दोन्ही चुंबकास चिकटतात. तिने एवढेच कळेल की भांड्यांच्या जातीचे गंजरहित पोलाद कोणी गळ्यात बांधलेले नाही. त्यापेक्षा काचेच्या तुकड्यावर छर्रा हलके सोडून तो सरळ जातो की वळसे घेतो हे पाहावे, ऐरणीवर थोड्या उंचीवरून टाकून तो टणकन उसळतो की मरगळतो हे ऐकावे, आणि शंका वाटल्यास हातोडीने एकाचा बळी द्यावा. सर्वांत सोपा उपाय तर हाच, की ज्यावर कारखान्याचे नाव व माप छापलेले आहे असे बंद पाकीट मागावे आणि ते आपल्यासमक्ष फोडून घ्यावे.

अर्थात पूर्ण संच घेतला म्हणजे कार्यभाग उरकला असे नव्हे. कोनावर नख फिरविले असता जर खाच लागत असेल तर कोरे छर्रे त्या खाचेतच आपटून मरतील. तेव्हा आधी कोन पाहावा, मग वाटी, आणि शेवटी छर्रे आणावे. हब रॉकेलने निर्मळ धुवावे. आष्टीकडील काळी माती उन्हाळ्यात पिठाइतकी बारीक होऊन हबात शिरते आणि पावसाळ्यात नाल्याच्या पाण्याबरोबर ग्रीस धुऊन नेते, म्हणून येथे ग्रीस वर्षातून दोनदा बदलणे हा छंद समजू नये. मोटारीतून काढलेले जळके ऑइल ग्रीसच्या ऐवजी सोडण्याची जी प्रथा आहे तिच्याविषयी जितके कमी लिहावे तितके बरे. जाळीत अडकविलेले छर्रे मिळतात, ते बसविण्यास सोपे. परंतु मधल्या आसात सुटे अकरा मावतात तेथे जाळीत बहुधा नऊच असतात, आणि आपल्या रस्त्यांवर मिस्त्रीच्या पाच मिनिटांपेक्षा ते दोन छर्रे अधिक मोलाचे आहेत. गिअरच्या पुष्कळ नव्या सायकलींत छर्रे बंद बेअरिंगमध्ये कायमचे कोंडलेले असतात. तेथे निवडीचा प्रश्नच उरत नाही, सबंध बेअरिंग उचलून टाकावे लागते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. ज्या शेतमजुराला आज संध्याकाळी सायकलीवरून घरी पोहोचावयाचे आहे, त्याला दोन छर्ऱ्यांचे पैसे जवळ असताना अठरांचा संच घ्या असे सांगणे म्हणजे पोट भरलेल्याचा उपदेश नव्हे काय? त्या संध्याकाळपुरते उत्तर असे, की टाकावे दोन आणि जावे घरी. यंत्रासाठी माणूस नाही. परंतु संध्याकाळची तडजोड हाच कायमचा दस्तूर होऊन बसावा आणि प्रत्येक वेळी त्याच गरिबाने कोन, वाटी व एक्सल यांचा दंड भरीत राहावे, हे त्याच्या हिताचे कसे? संचाची किंमत कोनाच्या किमतीपुढे किरकोळ असते. मोठी असते ती मजुरी, कारण हब उघडणे, धुणे आणि परत बसविणे हे काम दोन छर्ऱ्यांसाठी जितके तितकेच अठरांसाठी. आणि ती मजुरी एकदा दिलीच आहे तर तिचा पुरता मोबदला घेण्यात शहाणपण आहे.

आणि आता सरकारदरबाराकडे वळणे प्राप्त आहे. राज्यात मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकलीचे अनुदान मिळते. योजना स्तुत्य आहे, मुलींच्या शिक्षणाला तिने खरोखर चाके दिली. परंतु सायकल दिली त्या दिवशी सरकारचे कर्तव्य संपते असे समजणे म्हणजे विहीर खणून देऊन दोर न देण्यासारखे आहे. तिसऱ्या पावसाळ्यात मागील चाक डगू लागते, घरी पैसे नसतात, सायकल गोठ्यात टेकते, आणि हजेरीपत्रकात त्याची नोंद ‘गैरहजर’ एवढीच होते.

या बाबतीत अनुकरणीय दाखला शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. महात्मा गांधी वर्ध्यास येऊन राहण्यापूर्वी काही वर्षे, १९२९ साली, अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्या जाहीरनाम्यातील अटी आजच्या कोणत्याही खरेदी अधिकाऱ्याने वाचाव्या अशा आहेत. चरखा खेड्यातील झोपडीत चालला पाहिजे, त्याची किंमत दीडशे रुपयांच्या आत असली पाहिजे, तो किमान वीस वर्षे टिकला पाहिजे, या अटी कोणासही सुचल्या असत्या; परंतु तेवढ्यावर न थांबता, झिजलेले भाग बदलण्याचा वार्षिक खर्च यंत्राच्या किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक होता कामा नये, असेही त्यात घातले होते. यंत्र झिजणार, त्याचे भाग बदलावे लागणार, आणि तो खर्च कोणाच्या तरी कनवटीतून जाणार, हे खरेदीच्या आधीच मान्य करणारा हा दस्तऐवज आहे. किर्लोस्करवाडीचा चरखाही त्या स्पर्धेत उतरला होता. ते पारितोषिक अखेरपर्यंत कोणास मिळाले नाही, यावरून अटी किती कडक होत्या याची कल्पना यावी.

तोच शेकडा पाचांचा हिशेब सायकलीस लावला, तर पाच हजारांच्या सायकलीमागे वर्षाकाठी अडीचशे रुपये होतात. एवढ्यात पुढील व मागील हबाचे आणि मधल्या आसाचे पूर्ण संच, ग्रीस आणि मिस्त्रीची मजुरी यांची तजवीज होण्यास हरकत नसावी; निदान निम्मा भार तरी हलका होईल. रक्कम मुलीच्या खात्यात भरण्यापेक्षा शाळेच्या गावातील मिस्त्रीस कामाप्रमाणे द्यावी, कारण खात्यातील अडीचशे रुपये बियाण्यांच्या दिवसांत कोठे जातील हे कोणासही सांगण्याची गरज नाही. पंचायत समितीने छर्ऱ्यांची खरेदी एकत्र करावी, पाकिटावर माप, प्रत आणि कारखान्याचे नाव असल्यावाचून माल स्वीकारू नये, आणि संच सोडून सुटा छर्रा कोणाही मिस्त्रीस देऊ नये. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिला दमदार पाऊस बहुधा त्याच सुमारास पडतो, म्हणून हे काम शाळा उघडल्यावर नव्हे, उन्हाळ्याच्या सुटीतच उरकले पाहिजे. दुरुस्त झालेल्या प्रत्येक सायकलीची नोंद मुख्याध्यापकांनी एका वहीत ठेवावी, आणि जुने छर्रे मोजून, पाकिटात घालून त्या नोंदीस जोडावे: मागील चाकाचे अठरा, पुढील चाकाचे वीस, मधल्या आसाचे बावीस. ज्या सायकलीचे साठ भरणार नाहीत, तिचे उरलेले कोठे बसविले आहेत ते मिस्त्रीला विचारता येईल.